सात मिलिमीटर मागे

दातांच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर प्लास्टरची खोली होती, आणि त्या खोलीत मावशीचं राज्य होतं. वर सर्जन जबडे कापायचे. खाली मावशी तेच जबडे आधी प्लास्टरमध्ये कापून द्यायची. रुग्णाच्या तोंडाचा ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून दातांसकट जबड्याचं मॉडेल काढायचं, ते करवतीनं कापायचं, ठरलेल्या मापानं सरकवायचं आणि फटीत मेण भरून चिकटवायचं. त्या नव्या चाव्यावर बेतलेली प्लॅस्टिकची पट्टी मग ऑपरेशनच्या टेबलावर जायची. पट्टी चुकली की माणसाचं तोंड कायमचं चुकलं. सव्वीस वर्षांत मावशीची एकही पट्टी चुकली नव्हती, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची.

त्या शुक्रवारी तिच्या सख्ख्या भाचीचं ऑपरेशन व्हायचं होतं. घरात तिला ठकी म्हणायचे. एकोणीस वर्षांची, जिभेला काही हाड नसलेली पोरगी. पण खालचा जबडा इतका पुढे, की पुढचे दात जन्मात कधी एकमेकांना टेकले नव्हते. "मला फक्त दातांनी दोरा तोडायचाय, मावशी," ती म्हणायची. "रूप-बीप तुम्ही ठेवून घ्या." दीड वर्ष तारा लावून दात सरळ केले होते. आता जबडा सात मिलिमीटर मागे घ्यायचा, की झालं. तिची आई, म्हणजे मावशीची ताई, मात्र धास्तीनं अर्धी झाली होती.

"अगं, चेहरा वाकडा झाला तर पोर घराबाहेर पडायची नाही," ती रोज म्हणायची. "तुझ्या हातात आहे सगळं."

या खोलीचा एक नियम होता, आणि तो मावशीनंच घालून दिला होता. तोंडातून आलेलं पहिलं मॉडेल कापायचं नाही. त्यावरून दुसरं काढायचं आणि करवत दुसऱ्यावर चालवायची. पहिलं मोडलं तर परत जायला जागा उरत नाही. हा नियम मोडणाऱ्या दोघांना तिनं असं फैलावर घेतलं होतं, की ते अजून तिच्यासमोर चहा घ्यायला कचरायचे. पण दुसरं मॉडेल सुकायला दिवस जातो, आणि ताईचा तर जीव टांगणीला लागलेला. सोमवारी दुपारी चार वाजता मावशीनं पहिल्याच मॉडेलला करवत लावली. आधी डावीकडे, दाढांच्या मागे. मग उजवीकडे. पुढचा भाग सात मिलिमीटर मागे घेतला, तीनदा मोजला, मेण ओतलं.

मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला. ताई रडत होती की हसत होती, काही कळेना.

"ये गं लवकर. ठकीचे दात लागले!"

मावशी तशीच निघाली. ठकी खिडकीपाशी बसून दोरे तोडत होती. मांडीवर तुकड्यांचा ढीग पडला होता. वरचे दात खालच्यांवर अगदी बेतून बसवल्यासारखे बसत होते. मावशीनं पिशवीतलं माप काढलं आणि तिच्या तोंडात धरलं, जबडा किती मागे आलाय ते बघायला. सात. पुन्हा धरलं. सातच.

"कधी झालं हे?"

"काल चार वाजता. परत सुटतील म्हणून आईला सकाळपर्यंत सांगितलंच नाही. आधी इकडे कट्‌ वाजलं." ठकीनं डाव्या कानाखाली बोट ठेवलं. "मग इकडे. दुखलं-बिखलं काही नाही. तोंडात खडू खाल्ल्यासारखी चव आली फक्त."

"दीड वर्षाच्या तारांचा परिणाम असेल," मावशी म्हणाली. असं काही नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताईनं तिला मिठी मारली तेव्हाही माप तिच्या हातातच होतं.

बुधवारी दुपारी सर्जननी एक्स-रे काढला. तो उजेडाच्या पेटीवर लावून त्यांनी मावशीला वर बोलावून घेतलं. ताईला आणि ठकीला त्यांनी बाहेर बसवलं होतं.

"बाई, हे बघा. हाड दोन्हीकडे आरपार कापलंय. सरळ रेषेत, करवतीनं कापावं तसं." त्यांनी पेनचं टोक काळ्या पट्ट्यांवरून फिरवलं. "आणि मधे काही म्हणजे काही नाही. मग जबडा लोंबत कसा नाही? कशाच्या आधारानं राहिलाय?"

मावशीला कशाचा आधार ते माहीत होतं. मेणाचा. मॉडेल खाली खिडकीच्या कट्ट्यावर होतं. आणि दुपारी त्या कट्ट्यावर ऊन यायचं.

ती जिन्यावरून जवळजवळ धावतच उतरली. अर्ध्या जिन्यात फोन वाजला.

"अगं, ठकीला नीट बोलता येईना," ताई म्हणाली. "तोंड डावीकडे ओढल्यासारखं झालंय. डॉक्टरांना हाक मारू का?"

"मार. तिला मान हलवू देऊ नकोस."

कट्ट्यावर ऊन पडलं होतं. मॉडेलमधलं मेण चकाकत होतं. जबड्याचा पुढचा भाग डावीकडे कलला होता, जेमतेम केसभर.

मावशीनं तो दोन्ही अंगठ्यांनी धरला आणि सरळ केला. वरच्या जबड्याचं मॉडेल त्याच्या दातांवर बसवून दोन्ही रबरानं घट्ट बांधले. माप लावलं. सात. कोपरं टेबलावर टेकवून पुन्हा लावलं. सात.

मेणाचा आता भरवसा नव्हता. तिनं वाडग्यात प्लास्टर आणि पाणी घोटलं. एकदा घट्ट झालेलं प्लास्टर परत मऊ होत नाही. अर्धा मिलिमीटर जरी इकडेतिकडे झालं, तरी पोरीचं तोंड तसंच राहणार होतं, जन्मभर.

"देवा, सांभाळ रे बाबा," ती पुटपुटली.

मेण खरवडून काढलं. तेवढ्या वेळात वरून कुणीतरी किंचाळल्यासारखं वाटलं. तिनं मान वर केली नाही.

डावी फट भरली. उजवी भरली.

मग मॉडेल हातात धरून ती नुसती बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळात आठ मिनिटं गेली.

फोन वाजला.

"थांबलं गं बाई!" ताई म्हणाली. "तोंड सरळ झालंय. डॉक्टर म्हणतात, जबडा दगडासारखा पक्का लागतोय हाताला. बोलतेय दातांवर दात ठेवून. तोंड तेवढं उघडत नाहीये अजून, पण म्हणते दुखत नाही."

मावशीनं रबराकडे पाहिलं. दातांच्या कडेनंही प्लास्टर ओघळलं होतं. खालची रांग वरच्या रांगेला चिकटून पांढरी झाली होती.

"फक्त दोन्ही गाल तापलेत तिचे," ताई म्हणाली. "आतून गरम होतंय म्हणते, वाढतच चाललंय. बर्फ लावू का?"

मावशीच्या तळहाताला मॉडेल चांगलंच गरम लागत होतं. प्लास्टर घट्ट होताना तापतंच.

"नको लावू," ती म्हणाली. "दहा मिनिटांत गार होईल आपोआप."

"तुला कसं गं कळलं?"