खाली बांधलेली दोरी

सकाळी आठला कंधारच्या ठाण्यात फोन आला. फौजदार प्रियदर्शनी गावात पोहोचली तेव्हा नागाबाई आढ्याला लटकलेलीच होती. खाली स्टूल आडवं पडलेलं.

लेक आरती दोन वर्षं लातूरला वसतिगृहात. बातमी कळताच मिळेल त्या गाडीने आली अन् उंबऱ्यातच बसली. "माझ्यापायी गेली. बिलोलीच्या स्थळाला म्याच न्हाई म्हणले."

हे ओझं पोरीला जन्मभर पुरणार होतं.

प्रियदर्शनी घरभर हिंडली. अंगणातली कपड्यांची दोरी जेमतेम कमरेएवढी. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या रिकाम्या, डबे सगळे जमिनीवर. नागाबाईचा अंबाडा मात्र नेटका.

"तिचा अंबाडा म्या घालते," शेजारीण धोंडाबाई म्हणाली. "नांदेडला मानेची गाठ काढली, तवापासून."

पंचनाम्याला प्रेत खाली उतरवून पालथं केलं. मानेवर जुना व्रण होता आणि उजव्या खांद्याचं पातं कातडीखाली पंखासारखं वर उचललेलं होतं.

नवरा शेषेराव ओसरीवर बसला होता.

"काल भांडण झालं?"

"झालं की. कुणाच्या घरात न्हाई होत?"

"फास कुणी बांधला?"

"तिनंच. म्या आलो तवा लटकलीच होती."

"एवढ्या उंच आढ्याला? हात पुरला?"

"न पुरायला काय झालं? धडधाकट बाई. सारं घर तीच बघायची."

"वा रे वा, शेषेराव!" प्रियदर्शनीचा आवाज चढला. "गाठ काढताना मानेतली नस दुखावली, म्हणून खांद्याचं पातं असं उचललेलं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना तिचा. म्हणून दोरी खाली, डबे खाली, अंबाडा धोंडाबाईकडे. आढ्याला दोन्ही हातांनी गाठ मारणं तिला जमणारच नव्हतं. ती गाठ तुमची. गळा दाबलात अन् मग टांगलंत. शेजारणीला ठाऊक, नवऱ्याला पत्ता न्हाई! ठाऊक असतं तर फासाऐवजी विहिरीत ढकलली असतीत."

"मला कधी बोलली न्हाई," शेषेराव पुटपुटला. "पोरीची बाजू घेऊन बिलोलीचं लग्न मोडायली होती. डोकं फिरलं माझं."

हवालदाराने त्याला गाडीत बसवलं.

आरती जागची हलली नव्हती. "म्हणजे... आई मला सोडून गेली न्हाई?"

"न्हाई गं. शेवटपर्यंत तुझ्याच बाजूने उभी होती."

आरतीने तेव्हा कुठे हंबरडा फोडला. धोंडाबाईने तिला कुशीत घेतलं.