दखल

मिरजेच्या साहाय्यक श्वान केंद्रात पिल्लं जन्माला यायच्या आधीच शाळेत जातात. त्यांची आई गाभण असतानाच अभ्यास सुरू होतो.

कुत्रीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात. शेवटच्या तीन आठवड्यांत पोटातल्या पिल्लांना दिसत नाही, ऐकू येत नाही, पण नाक चालू झालेलं असतं. आई जे खाते त्याचा वास गर्भजलात उतरतो आणि पिल्लाला तो जन्मभर ओळखीचा राहतो. डॉ. रेहाना मुजावर यांनी या तीन आठवड्यांत कुत्रीच्या जेवणात एका ठरावीक माणसाचा वास मिसळायला सुरुवात केली. ज्यांना फिट येते त्यांच्या अंगाला फिटच्या थोडं आधी एक वेगळा वास सुटतो. तो आपल्याला कळत नाही, कुत्र्याला कळतो. मनगटावरची यंत्रं फिट आल्यावर बोंब मारतात, कुत्रं आधी सांगतं. पूर्वी हे शिकवायला दीड-दोन वर्षं जायची आणि चारातलं एखादं कुत्रं पास व्हायचं. आता पिल्लू तो वास घेऊनच जन्माला येतं, आईच्या दुधाइतका तो त्याला आपला वाटतो. या पद्धतीला डॉक्टरांनी 'गर्भगंध' असं नाव दिलं.

"म्हणजे गर्भसंस्कारच की ओ हे," हर्षदा खिलारे पहिल्याच भेटीत म्हणाली.

"मी कुत्रीसमोर श्लोक म्हणत नाही," डॉक्टर चिडून म्हणाल्या. "वास खायला घालते."

"पण शिकतं ना पोटातच?"

"शिकतं."

"मग तेच की."

हर्षदा घरी ब्लाउज शिवायची. तिची एकुलती एक मुलगी शाल्मली एकोणीस वर्षांची होती आणि चौथ्या वर्षापासून तिला फिट यायच्या, हल्ली तर आठवड्यातून दोन-तीनदा. वडील ती लहान असतानाच वारले होते. पंधरा वर्षांत शाल्मली आईशिवाय एक दिवसही कुठे राहिली नव्हती. त्यांच्या घरातल्या बाथरूमला कडीसुद्धा नव्हती, आत काही झालं तर दार उघडता यावं म्हणून. आणि या मुलीला मासे शिकायचे होते! समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेल्या पोरीने रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात प्रवेश मिळवला होता. वसतिगृहाची अट एकच होती. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत परीक्षा पास झालेलं कुत्रं सोबत आणायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

वास गोळा करायचं काम हर्षदाकडे होतं. फिट ओसरली की, तो वास विरायच्या आत, शाल्मलीचं कपाळ-मान कापसाच्या घडीने पुसायची, घडी काचेच्या बाटलीत घालून झाकण लावायचं आणि केंद्रात पोचवायची. सोबत हातमोज्यांचा खोका दिला होता.

"आणि कांदा, चप्पल असलं काही हुंगवत नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो, ते सासूबाईंचं. त्या गेल्या आणि चपलाही सुटल्या."

आठ महिन्यांत साठ बाटल्या भरल्या. त्यांतला वास केंद्रातल्या एका गाभण कुत्रीच्या जेवणात गेला आणि तिला चार पिल्लं झाली. केंद्रात प्रत्येक वेताला एक अक्षर ठरलेलं असतं, या वेताला 'द' आलं. दणका, दहिवर, दालचिनी आणि सगळ्यांत लहान, एक कान उभा नि एक पडलेला, ती दखल. बाटलीचं झाकण उघडलं की दूध सोडून धावत येणारी ती एकटीच होती, म्हणून तिला निवडलं.

आठव्या आठवड्यात दखल घरी आली आणि पहिल्याच दिवशी तिने एका नवरीच्या जरीच्या ब्लाउजवर शू केली. हर्षदाला कुत्र्यांची मुळीच आवड नव्हती. पण डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं, की पिल्लाच्या मेंदूचं दार साधारण सोळा आठवडे सताड उघडं असतं. तोवर जे आत जाईल ते कायमचं घरचं होतं, नंतर प्रत्येक गोष्टीला उंबऱ्यावर अडवलं जातं. मग हर्षदा कामाला लागली. दर दोन तासांनी दखलला अंगणात न्यायची. रोज तिचे पंजे, कान, दात हाताळायची. कुकरच्या शिट्टीला, मिक्सरला, फटकन उघडणाऱ्या छत्रीला न घाबरता बसली की उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायची. पत्र्यावरून चालवलं, रिक्षात बसवलं, खाटकाच्या दुकानासमोर नाक खाली ठेवून उभं राहायला शिकवलं. शिवणाची मोजपट्टी तेवढी दखलने खाल्ली.

आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा म्हणजे, ओळखीचा वास आला की पंजा द्यायचा.

नवव्या आठवड्यात एका दुपारी दखल झोपेतून उठली आणि तिने हर्षदाच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. शाल्मली समोर बसून पेरू खात होती, अगदी ठणठणीत. बरोबर सव्वीस मिनिटांनी तिला फिट आली. तोवर तिला गादीवर आडवं केलं होतं, चष्मा काढला होता, उशाशी पाणी ठेवलं होतं. शाल्मली शुद्धीवर आली तेव्हा हर्षदा रडत होती आणि दखलला कलेजी भरवत होती.

केंद्रातली कुत्री आठ-दहा मिनिटं आधी सांगायची. सव्वीस मिनिटं कुणीच ऐकली नव्हती. दुसऱ्यांदा सव्वीस, तिसऱ्यांदा सत्तावीस. डॉक्टरांनी सगळ्या केंद्राला पेढे वाटले. दखल दर वेळी आईलाच पंजा देते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण घरातल्या मोठ्या माणसाला सांगते आहे, शहाणी आहे, असं म्हणून सगळे खूश होते.

अकराव्या आठवड्यात पहिली चाचणी झाली. केंद्रातल्या खोलीत शाल्मली आणि दखल दोघीच राहणार होत्या आणि हर्षदाला घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी शाल्मलीला फिट आली. ती खुर्चीवरून पडली आणि तिच्या भुवईला तीन टाके पडले. त्या वेळी दखल तिच्या पायाशी गाढ झोपली होती.

डॉक्टरांनी उरलेल्या बाटल्या पुन्हा तपासल्या आणि हर्षदाला बोलावून घेतलं. शाल्मली भुवईला पट्टी बांधून शेजारी बसली होती.

"या घड्यांवर दोन माणसांचा घाम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हातमोजे वापरले होते ना?"

"पहिल्या दिवशी घातले होते," हर्षदा म्हणाली. "मग नाही घातले. पोर नुकती डोळे उघडतीय आणि तिला रबराचे हात लावायचे? ती काय परकी आहे का?"

डॉक्टरांना रागावता आलं नाही. त्यांनी दुसरी एक चाचणी घेतली. शाल्मली काचेच्या एका बाजूला, हर्षदा आणि दखल दुसऱ्या बाजूला. काचेतून वास जात नाही. चौथ्या दिवशी शाल्मली पलीकडे फोनवर हसत होती आणि हर्षदा हूक लावत बसली होती. दखल उठली आणि तिने हर्षदाला पंजा दिला.

"तुम्हाला आत्ता काय वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"हात बघा तुमचे."

हर्षदाने पाहिलं. तळहात ओलेचिंब होते. सव्वीस मिनिटांनी काचेपलीकडे शाल्मलीला फिट आली, नर्स तिच्याजवळ तयारच होती.

"तिच्या पापणीत, बोटांत, बोलण्यात काहीतरी बदलतं. तुमचे डोळे ते टिपतात," डॉक्टर सांगत होत्या. "तुम्हाला कळतं, पण कळलंय हे तुम्हाला कळत नाही. तुमच्या अंगाला कळतं आणि घाम सुटतो. दखल पोटात असल्यापासून तो घाम शिकली आहे. तिने मुलीचा वास कधी ओळखलाच नाही."

"मला वाटायचं मी उगाच घाबरते," हर्षदा म्हणाली. "पंधरा वर्षं मला सगळे भित्री म्हणत आले."

शाल्मलीला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "म्हणजे कुत्रंसुद्धा तुझंच निघालं, आई."

ते हर्षदाला फार लागलं. कारण ते खरं होतं.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. दखलला आहे तशी ठेवायची, म्हणजे सव्वीस मिनिटं कायमची हातात, पण मग शाल्मलीला आई असेल तिथेच राहावं लागेल. किंवा मेंदूचं दार अजून पाच आठवडे उघडं आहे, तेवढ्यात तिला शाल्मलीचा खरा वास शिकवायचा. त्यात नऊ-दहा मिनिटांपेक्षा जास्त मिळणार नाहीत. शिवाय हर्षदाचा वास तिच्या मनातून उतरवावा लागेल, नाहीतर दोन्हींत तिचा गोंधळ होईल.

"उतरवायचा म्हणजे ती तो विसरेल?"

"पोटात शिकलेलं पुसलं जात नाही. वास तिला येतच राहील. फक्त त्याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही, एवढं तिला शिकवायचं. आणि ते तुम्हालाच करावं लागेल."

"नऊ मिनिटांत काय होतं?"

उत्तर शाल्मलीने दिलं. "जिन्यावरून खाली येता येतं. पाण्यापासून लांब जाता येतं. खाली बसता येतं, आई. मला माझं मी बसता येतं."

हर्षदाने हातमोज्यांचा नवा खोका मागून घेतला.

ते पाच आठवडे तिला फार जड गेले. फिट आली की हातमोजे घालून मुलीला पुसायची, ताज्या घडीचा वास दखलला द्यायचा, तिने शाल्मलीला पंजा दिला की कलेजी. आणि हर्षदाच्या गुडघ्यावर पंजा आला की काहीच नाही. कलेजी नाही, शब्द नाही, नजरही नाही. तोंड फिरवून मशीन चालवत राहायचं. पहिल्या आठवड्यात दखल पुन्हापुन्हा पंजा देत राहिली, मग कुंईकुंई करत तिच्या पायाशी लोळली. हर्षदा ब्लाउज शिवत राहिली. तिच्या हाताखालची शिवण वाकडी जात होती, पण मान वळली नाही. दुसऱ्या आठवड्यात पंजा अर्ध्यावर थांबू लागला. पंधराव्या आठवड्यात दखल हर्षदाकडे नुसती बघायची आणि शाल्मलीजवळ जाऊन बसायची.

मग परीक्षा झाली, तीन आठवड्यांची, आई नसलेल्या खोलीत. सातपैकी सात! सगळ्यांत कमी वेळ आठ मिनिटं, सगळ्यांत जास्त अकरा. सातही वेळा शाल्मली आपली आपण जमिनीवर बसलेली होती. डॉक्टर प्रमाणपत्र घेऊन स्वतः घरी आल्या, तर हर्षदा सुताराच्या मागे उभी राहून बाथरूमला कडी बसवून घेत होती. शाल्मलीने कडी लागल्या लागल्या आत जाऊन पाऊण तास आंघोळ केली. आतून गाण्याचा आवाज येत होता आणि दखल दाराला नाक लावून बसली होती.

"आता नळ बंद कर गं, टाकी रिकामी झाली," हर्षदा बाहेरून ओरडली आणि डॉक्टरांकडे बघून मोठ्याने हसली.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता रत्नागिरीची एसटी मिरज स्थानकात उभी होती. दखलने लाल जाकीट घातलं होतं. शाल्मलीने खिडकीची जागा धरली, कंडक्टरने कुत्र्याचं कार्ड पाहून सलाम ठोकला. हर्षदा खिडकीखाली उभी राहून डब्यात काय काय दिलं आहे ते तिसऱ्यांदा सांगत होती. बोलता बोलता तिचे तळहात ओले झाले.

तिने मुलीकडे पाहिलं. शाल्मली हसत होती. पापणीत काही होतं की नव्हतं, ते तिला कळेना. ही फिट असेल, किंवा लेक दूर जाते म्हणून आईला सुटलेला साधा घाम असेल. पूर्वी ती म्हणाली असती, आज नको, उद्या जा. ते शब्द तिच्या तोंडात आलेही.

दखलने खिडकीतून मान बाहेर काढली. तिचं नाक हललं. क्षणभर तिने हर्षदाकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि शाल्मलीच्या मांडीवर हनुवटी टेकवली. हर्षदाने शिकवलं होतं अगदी तसंच.

"नीट जा," हर्षदा म्हणाली.

गाडी सुटली. हर्षदा स्थानकातल्या बाकावर घड्याळाकडे बघत बसली. अर्ध्या तासाने फोनवर निरोप आला. "अंकलीचा पूल गेल्यावर पंजा दिला. मी सीटवर आडवी झाले. जयसिंगपूरला फिट आली, पाच मिनिटांत गेली. मी मस्त आहे. दखलला कलेजी दिली. आता झोपते." हर्षदाने तो चार वेळा वाचला. मग डॉक्टरांना फोन लावून वाचून दाखवला.

"चालत्या गाडीत!" डॉक्टर ओरडल्या. "हर्षदाताई, चालत्या गाडीत पास झाली तुमची दखल!"

"मग! शिकवलंय कुणी?" हर्षदा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिचे तळहात अजून ओले होते. लेक तर जयसिंगपूरच्या पुढे झोपली होती, मग आता हे कशाचं, ते तिला सांगता येईना. तिने हात पदराला पुसले, ते पुन्हा ओले झाले. याची दखल घेणारं मिरजेत आता कुणी उरलं नव्हतं.