वाफसा आला नव्हता

वर

कालव्याच्या पाण्याला चार बैल लागले होते आणि त्यांच्याआड तो. बावड्याचा मानसिंग, लोखंडी नांगरानं गावोगाव नांगरट करणारा.

"घागर उष्टी केली तुमच्या बैलानं," कौसल्या म्हणाली.

"त्याला गोड पाणी कळतं."

"आन् धन्याला?"

"धनी... अजून तहानलेलाच हाय."

ती हसली नाही. म्हणजे — वळल्यावर हसली.

पण वडगावातलं त्याचं काम संपलं होतं. उद्या तो इंदापूरकडे निघणार होता.

वीतभर खाली

दत्तोबांचे डोळे अधू. पाणी दिलेल्या रानातली ओल नांगरण्याजोगी उतरली का, हे आता लेकीची मूठ सांगायची; दाबलेला गोळा सहज फुटला की वाफसा.

"कौसे, वाफसा आला का गं? मोठा नांगर उद्या जानार म्हनं."

तिनं माती दाबली. चिकट, गार गोळा. फुटेना.

"आला, आबा."

दुसऱ्या दिवशी मानसिंगनं फाळाला चिकटलेला चिखल पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं... आणि बैल हाकले. उलथलेल्या चिखलात गांडुळं वळवळली. बगळे पोटभर जेवले.

त्याच्याही खाली

उन्हानं ढेकळांच्या विटा झाल्या. पेरलेलं उगवलं नाही. दत्तोबा ढेकूळ नाकाशी नेत.

"वास न्हाय गं. आतला जीव घुसमटून मेला. रान म्हातारं झालं, माज्यावानी."

खोटं कौसल्येचं, आळ रानावर!

मग एका दुपारी मानसिंग आला. नांगर नाही, खांद्यावर लाकडी मोगरी. मुकाट्यानं ढेकळं फोडू लागला.

"कुनी बोलावलं?"

"चिखल दिसला हुता मला. पर निघायचं जिवावर आलं हुतं... तुमी हितं, म्हनून."

तिचे कान तापले. ती बांधावर बसलेल्या बापापुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, गोळा फुटत नव्हता. मी खोटं बोलले. त्यांनी थांबावं म्हनून."

"आन् मला बी ठावं हुतं," मागून मानसिंग म्हणाला.

दत्तोबांनी चाचपून एक ढेकूळ उचललं.

"मला फसवलंत ते सोडा. रानानं काय केलं हुतं तुमचं?"

त्यांनी ते ढेकूळ मानसिंगच्या हातात दिलं.

"ताग पेरा. वाढला की तितंच गाडा. कुजून माती मऊ झाली, नांगर धड चालला, की त्याच सांजंला सुपारी फोडू."

पुन्हा वर

ताग कुजला. रानाला पाणी दिलं. मानसिंग हलका लाकडी नांगर जुंपून उभा. घरात पाहुणे, चुलीवर पुरण.

कौसल्येनं माती उचलली. वास आला! बोटांत एक गांडूळ वळवळलं. तिनं मूठ दाबली, उघडली.

गोळा. फुटेना.

सगळे तिच्याकडे बघत होते. तोही.

"न्हाय," ती म्हणाली. "अजून न्हाय... थांबाल?"

मानसिंगनं बैलांच्या मानेवरून जू उतरवलं.

"थांबतो की."