रोज तेच पीठ

"थांब दादा! याडीचं गाणं पाठवू नको!" उज्ज्वला धापा टाकत ओट्यावर चढली. मागोमाग वही घेऊन तिचा वर्गमित्र कपिल.

राजकुमारदादाचं बोट फोनवर अडलं. पुसदला कॉम्प्युटर शिकणाऱ्या या चुलतभावाने दिवाळीच्या सुट्टीत निरोप लपवणारं 'कुलूप' बनवलं होतं. तेव्हापासून स्वारी हवेतच होती!

उज्ज्वलाच्या याडीने, म्हणजे आई रामीबाईने, स्पर्धेसाठी नवं गाणं रचलं होतं. ते हवं होतं फक्त तिच्यासोबत गाणाऱ्या मुकुटबनच्या मावशीला. पण हा पठ्ठ्या ते फोनवरच्या चार तांड्यांच्या गटात टाकणार होता, प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांदेखत! का, तर कुलूप किती पक्कं ते सगळ्यांना दिसावं म्हणून. याडीने दोन महिने कापूस वेचता वेचता ते गाणं जुळवलं होतं. ते आधी दुसऱ्याच कोणी म्हटलं तर?

"तुले काय समजते हॅशमधलं?" दादा हसला. "ते चक्कीवानी असते. मी गुप्त शब्द टाकतो, आकड्यांचं पीठ पडते. पिठाची परत ज्वारी होते काय? ते आकडे अक्षरांच्या क्रमांकात मिळवले, का झालं कुलूप!"

"चक्की चांगलीच आहे," कपिल म्हणाला, "पण तू रोज तोच शब्द दळून राह्यला! मंग पीठ बी तेच!"

"कायवरून?"

उज्ज्वलाने वही उघडली. आठवड्याचे सातही कुलूपबंद निरोप तिने गटातून उतरवले होते. प्रत्येकाचे पहिले दहा आकडे सारखेच!

"आपल्या तांड्यात 'जय सेवालाल' म्हटल्याबिगर निरोप सुरू होते काय?" ती म्हणाली. " मात्रा अन् मोकळी जागा धरून बरोबर दहा! ते वजा केले, का तुहे आकडे आमच्या हातात!"

"असं काय? मंग हे वाचून दाखव!" दादाने 'जय सेवालाल' न घालताच एक निरोप टाकला. सात आकडे!

तांड्याचे प्रमुख, नायक पूनमसिंगही चष्मा सावरत येऊन बसले. कपिल वजाबाक्या करत गेला, उज्ज्वला अक्षरं शोधत गेली. म... ल... मात्रा...

"'मले भजी'!" ती ओरडली.

ओटाभर हशा पिकला. हसली नाही फक्त रामीबाई. गाण्याचा कागद तिने छातीशी धरला होता.

"मंग माह्यं गाणं?"

"हळूहळू तेही वाचलं असतं, याडी," उज्ज्वला म्हणाली. " सरावाचा निरोप आला, का आपण कुठे जमतो ते सगळ्यांनाच दिसते. मंग निरोपातले शब्द ओळखता येते, अन् तेवढे आकडे अजून उघडे पडते."

दादाचा चेहरा उतरला. मग त्याने स्वतःच वही ओढून घेतली. "दर निरोपाले शब्दासंगं एक नवा आकडा दळायला पाहिजे होता. तो आकडा उघडा राह्यला तरी चालते, शब्द तेवढा गुप्त पाहिजे. चुकलंच माह्यं, काकी."

"शाबास, पोरांनो!" पूनमसिंगांनी दोघांच्या पाठी थोपटल्या. "यापुढे तांड्याचं कोणतंही कुलूप पयले या दोघांच्या हाती द्यायचं!"

रामीबाईने कागदाची घडी घालून पदराला बांधली. "मी उद्या दिग्रसहून बस धरते अन् बहिणीले तोंडीच शिकवते." मग ती उठून चुलीकडे वळली. "राजकुमार, बस तू. तुहा निरोप भेटला. कढई ठेवते!"