सात भोकांचं सर्टिफिकेट

भिंगवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. बँकेत चौतीस वर्षं त्यांनी ग्राहकांच्या सह्या तपासल्या होत्या. खोटी सही टेबलावर आली की यांना म्हणे आधी वासच यायचा. रिटायर झाल्यावर माणसं फिरायला जातात, गप्पा मारतात. हे मात्र बंद पडलेल्या खाणींची जुनी शेअर सर्टिफिकेटं जमवत बसले. तांब्याच्या खाणी, शिशाच्या, कोळशाच्या. कंपन्या बुडाल्या, मालक मातीत गेले, पण कागद काय देखणे! नक्षीदार काठ, वर खाणीच्या तोंडावरच्या मोठ्या चाकाचं चित्र, खाली सेक्रेटरीची ऐटदार सही. बायको त्या अल्बमांना सवत म्हणायची. "जेवायला येताय की सवतीलाच भरवू?" असं तिनं विचारलं की हे गुरगुरायचे आणि निमूट उठायचे. ज्याच्यासाठी गुरगुरून का होईना, पण उठावं, असं त्यांना जगात तेवढंच एक माणूस होतं.

बाकी सगळ्यांशी वाकडं. त्यातही दाताच्या डॉक्टरशी फार, कारण तोही हेच जमवायचा. दर रविवारी सकाळी तो यायचा, यांचा चहा प्यायचा आणि यांच्याच कागदांना नावं ठेवायचा.

त्या रविवारी भिंगवाल्यांनी एका शिशाच्या खाणीचं सर्टिफिकेट पुढं केलं. शेअर रद्द झाला की कंपनी कागदाला पंच मारून ठेवायची, तशी याला सात भोकं होती. पाच नेमकी शेअरधारकाच्या नावावर, दोन सह्यांवर.

"ही चाळणी कुठून आणलीत?" डॉक्टर म्हणाला. "पीठ चाळायला वहिनींना द्या."

झालं. भिंगवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन आठवडे ते टेबलावरून उठले नाहीत. पातळ जपानी कागद, गव्हाच्या पिठाची खळ, डोळ्यांत काजळ घालण्याइतका बारीक कुंचला. एकेक भोक त्यांनी असं बुजवलं की उजेडात धरलं तरी सांधा दिसेना. सह्यांचे तुटलेले फाटे जोडले. राहिलं नाव. नावाची अक्षरं पंचानं कधीच खाल्ली होती, काय होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग भिंगवाल्यांनी काय करावं? त्या जुन्या कारकुनाचं वळण चार दिवस गिरवलं आणि तिथं स्वतःचं नाव लिहिलं. जन्मभर खोट्या सह्या पकडणाऱ्या माणसानं! पण तेव्हा त्यांना लाज नाही वाटली. छाती भरून आली होती.

डॉक्टरनं कागद बराच वेळ पाहिला. हसला नाही.

"भोकं उगाच पाडत नाहीत हो," तो म्हणाला. "रद्द केलेलं पुन्हा उठवू नये."

"जळा तुम्ही," भिंगवाले म्हणाले.

पुढच्या बुधवारी पत्र आलं. लिफाफ्यावर तिकीट नव्हतं. आत जाड, पिवळसर, दमट कागद. सभासदांस कळवण्यात येते की, गेली सभा सात सभासदांचा कोरम न भरल्यामुळे तहकूब झाली. सहा सभासद वाट पाहत आहेत. आपण शुक्रवारी सकाळी अकरा वाजता नेहमीच्या जागी, खाली, हजर राहावे.

भिंगवाल्यांनी थेट फोन उचलला. "लाज वाटत नाही? या वयात असले चाळे?"

"मी काही केलेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "काय लिहिलंय ते वाचून दाखवा." यांनी वाचलं.  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

यांनी पत्र भिंगाखाली घेतलं. डॉक्टरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, ते हे नव्हेच. वळण त्या जुन्या कारकुनाचं होतं. गिरवलेलं नव्हे, अस्सल. हात कुठं अडखळला नव्हता, कुठं थांबून विचार केला नव्हता. अंगठा लागला तशी शाई पसरली. भिंगवाले त्या शुक्रवारी घरात बसून राहिले. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, काही झालं नाही. ते स्वतःशीच हसले.

सोमवारी दुसरं पत्र. आपण गैरहजर राहिलात. सहा सभासद उभे होते. सभा येत्या शुक्रवारपर्यंत पुन्हा तहकूब. यापुढे गैरहजेरी मान्य केली जाणार नाही. खाली नियमांची बारीक अक्षरातली लांबलचक यादी. ती त्यांनी वाचली नाही. सही तेवढी पाहिली, तीही अस्सलच निघाली.

"लिफ्टला काय झालंय हो?" बायकोनं त्याच दिवशी विचारलं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. "तळमजला आला तरी थांबत नाही. वीतभर आणखी खाली जाते, मग वर येते. आणि ओल्या मातीचा वास येतो."

वॉचमन म्हणाला, तळमजल्याखाली हातभर खड्डा आहे, बस्स. भिंगवाल्यांनी स्वतः वाकून पाहिलं. खड्ड्यात सिमेंट होतं. सिमेंटवर करड्या चिखलाची पावलं होती, बाहेरच्या बाजूला वळलेली. त्यांनी वॉचमनवरच तोंड टाकलं आणि जिन्यानं वर आले. बायकोला काही सांगितलं नाही. तिचा रक्तदाब वाढेल, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे चूक कबूल करायची जिवावर आली होती.

गुरुवारी दुपारी झोपून उठले तर बायको म्हणाली, "तुमच्या त्या कंपनीचा माणूस येऊन गेला. मी सही करून दिली."

"कसली सही?"

"अहो, तुम्ही झोपला होतात. तो म्हणाला, यांना यायला जमत नसेल तर घरच्या कुणीतरी यावं, इथं सही करा. सभ्य होता. फक्त सारखा उन्हाकडे पाठ करून उभा राहत होता. बूट कसले घाण! आत्ताच फरशी पुसलीय."

कागदाची प्रत टेबलावर होती. प्रॉक्सी. सभासदाच्या जागी त्याची पत्नी सभेस हजर राहील, उद्या सकाळी अकरा. खाली बायकोची सही. पस्तीस वर्षं पाहिलेली, शेवटच्या अक्षराला ओढलेल्या शेपटीची. खोटी असती तर ते नाचले असते.

त्यांना भयंकर भीती वाटली. आपण स्वतः गेलो तर प्रॉक्सी आपोआप रद्द होते, एवढं त्यांना बँकेच्या अनुभवावरून ठाऊक होतं. रात्रभर ते 'मी जाईन, मी जाईन' असं म्हणत राहिले. उजाडल्यावर खड्ड्यातली ती पावलं आठवली, आणि ते परत अंथरुणावर बसले. मग त्यांना पंच आठवला.

"आज घराबाहेर पाऊल टाकायचं नाही," त्यांनी बायकोला बजावलं.

"का? शिंपिणीकडून ब्लाउज आणायचाय."

"नाही म्हटलं ना!"

"बरं बाई. सवतीनं कान भरलेले दिसतात," ती म्हणाली आणि पंच शोधून द्यायला लागली.

साडेदहा वाजता त्यांनी सर्टिफिकेटला पुन्हा सात भोकं पाडली. तीन आठवड्यांचं काम सात टिकल्या होऊन टेबलावर पडलं. नाव गेलं, सह्या गेल्या. शेअर रद्द. त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "हात दाखवून अवलक्षण," ते मोठ्यानं म्हणाले. "पुन्हा नाही करणार."

बायकोनं चहा आणून ठेवला. त्यांनी तिचा हात क्षणभर धरला. असं ते कधी करत नसत.

"बरं वाटत नाहीये का?" ती म्हणाली.

"छान वाटतंय. जा तू आता. ब्लाउज आण."

ती साडी बदलायला आत गेली. यांनी चहा संपवला आणि कागद आवरता आवरता सोमवारचं पत्र हाती आलं. आता काय हरकत, म्हणून भिंग घेऊन खालचे नियम वाचले.

नियम नववा. सभेची सूचना निघाल्यानंतर रद्द केलेले शेअर त्या सभेपुरते चालू समजले जातील.

अकराला दोन मिनिटं होती. बाहेरचं दार नुकतंच लागलं होतं.

ते अनवाणी धावले. जाळीपाशी पोचले तेव्हा लिफ्ट निघाली होती. फटीतून लिफ्टच्या छताची जाळी आणि तिच्याखाली बायकोचं डोकं दिसलं.

"उतर! अगं, उतर तिथून!"

तिनं वर पाहिलं. "काय झालं? छत्री राहिली का?"

लिफ्ट दुसऱ्या मजल्याखाली गेली. पहिल्याखाली गेली.

भिंगवाले जिना उतरले, पडले, पुन्हा उतरले. तळमजल्यावर वॉचमन जाळीसमोर तोंड उघडं टाकून उभा होता.

लिफ्ट तिथं नव्हती. दोर चालू होता. सरळ, संथ, खाली जात होता.

ते जाळी हलवत ओरडत राहिले, "मी येतो! मी येतो म्हणतोय ना! मला न्या!"

 दोर पंचवीस मिनिटं उतरत होता. मग थांबला, आणि वर यायला लागला.

लिफ्ट रिकामी आली.

पोलिसांनी खड्डा फोडून पाहिला. सिमेंटखाली मुरूम, मुरुमाखाली खडक. डॉक्टर रोज यायचा, चहा स्वतः करायचा. भिंगवाल्यांनी त्याला एकदाही घालवून दिलं नाही.

नवव्या दिवशी सभेचं इतिवृत्त आलं. कोरम पूर्ण. उपस्थित सात. सभा संपलेली नाही, पुढील सूचनेपर्यंत सर्वांनी जागेवर थांबावे.

खाली सात सह्या होत्या. सातवी तिची.

डॉक्टर म्हणाला, "खोटी असेल. तुम्हाला छळायला केली असेल. नीट बघा."

भिंगवाल्यांनी भिंग घेतलं. डॉक्टरनं त्यांचा हात खालून धरला. अक्षरं एकमेकांवर चढली होती आणि ओळ सोडून खाली घसरली होती. बँकेतले दिवे गेले की माणसं अशा सह्या करत. शेपटी मात्र तिचीच होती.

"काय?" डॉक्टरनं विचारलं.

"तिचीच आहे," भिंगवाले म्हणाले. "अंधारात केलेली." ते आणखी खाली वाकले. तिसऱ्या अक्षरापासून रेघेत दोन जोर दिसत होते, एक ओढणारा आणि एक मागं खेचणारा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडून नातेवाईक हात धरून सही करून घेतात, तेव्हा तशी रेघ उमटते.