शेवटच्या भिंतीचे दात

सकाळी सात वाजता गवंड्याने ओळीतल्या शेवटच्या घराच्या भिंतीला छिन्नी लावली आणि तशीच खाली घेतली.

"ताई, इथं रात्रीत चिरा कुणी बसवला?"

ताई याच घरात वाढली होती. खाणीतल्या माणसांसाठी बांधलेली ही दगडी घरांची जुनी ओळ. दोन घरांत मिळून एकच भिंत, त्यामुळे एकाच्या चुलीची ऊब दुसऱ्याच्या अंथरुणाला. पहाट झाल्याचं तिला शेजारच्या काकांच्या खोकल्यावरून कळायचं. आता जुन्या इमारतींची दुरुस्ती हाच तिचा व्यवसाय होता, आणि साऱ्या ओळीत एकटी तिची आई उरली होती.

पुढचं घर जोडता यावं म्हणून शेवटच्या भिंतीच्या कडेला एकाआड एक चिरे बाहेर काढून ठेवायची इथली रीत. त्यांना दात म्हणत. तिच्या गवंडी वडिलांनी ते धाकट्या मुलाच्या घरासाठी ठेवले होते. धाकटा भांडून निघून गेला. वडील त्याची वाट पाहतच वारले. दातांमधून पाणी मुरून भिंतीला फुगवटा आला होता. पावसाआधी ते छाटले नाहीत, तर आईला घर सोडावं लागणार होतं.

"माझ्या तोंडात एक उरला नाही, आता भिंतीचेही काढा," आई दारातून म्हणाली. "आणि तो आला म्हणजे घर कुठं जोडायचं गं? तुझ्या डोक्यावर?"

"आई, इतक्या वर्षांत साधा निरोप नाही त्याचा."

नवा चिरा दोन दातांमधल्या खाचेत चपखल बसला होता. चुना ओला होता. छिन्नीचे घाव उलट्या अंगाला तिरपे. असे घाव तिच्या डावखुऱ्या वडिलांचे पडत.

तिने गवंड्याकडे रोखून पाहिलं.

"आईशप्पथ, मी नाही. इतकं सुबक जमत असतं तर तुमची बोलणी खात बसलो असतो का?"

तिने चिरा काढायला लावला. दुसऱ्या दिवशी तो जागेवर होता आणि वरची खाचही भरली होती.

ती घरात गेली. आईने पलंग त्याच भिंतीला सरकवला होता.

"पाठीला बरं वाटतं," आई म्हणाली. "इकडून ऊब येते."

तिने तळवा टेकला. पलीकडे नुसतं माळरान होतं. भिंत गरम होती, चूल पेटल्यावर होते तशी.

हात काढावासा वाटेना.

"छाटू का ताई?" गवंड्याने बाहेरून विचारलं.

आईने पाठ भिंतीला टेकवली.

"राहू दे," ती हात न काढताच म्हणाली.

पाऊस आला. भिंत आतून कोरडी आहे.

काल माळावर, भिंतीपासून थोड्या अंतरावर, उंबरठ्याचा दगड बसला. भोवतीचा चुना अजून ओला आहे. दगड मात्र मधोमध खोलगट झिजला आहे, ओळीतल्या बाकीच्या उंबरठ्यांइतकाच.