आधी फाटक

"गावाबिवाकडची नाही हं ही गोष्ट. समोरच्या बिल्डिंगमधली, आपल्याच मुलुंडातली," शिवदासकाका म्हणाले. लाइट गेलेली, म्हणून सगळे गच्चीवर. श्रुतिका भावाला, सम्यकला, चिकटून बसली होती. "सुबोध मला पुतण्यासारखा. त्यानेच सांगितलंय."

दोन हजार पंचवीस, एकवीस मार्च, शुक्रवार. सुबोध संध्याकाळी लॅमिंग्टन रोडवरून एक छोटी मोटर घेऊन आला. वडिलांच्या खेळण्यातल्या आगगाडीसाठी. वडील सहदेव रेल्वेत फाटकवाले. रिटायर झाल्यावर हॉलमधल्या मोठ्या टेबलावर त्यांनी रूळ, स्टेशन, बोगदा, सगळं हाताने उभं केलेलं. आणि एक फाटक. फाटकाशी बोटाएवढा सायकलवाला, एक पाय टेकून थांबलेला.

नोकरीत असताना एकदा, भर पावसाच्या रात्री, सहदेवना डुलकी लागली होती. फाटक उघडंच राहिलं. एक सायकलवाला गाडीखाली गेला. तेव्हापासून खेळण्यातली गाडीसुद्धा ते फाटक पाडल्याशिवाय सोडत नसत.

ते गेल्यावर पाच वर्षं सगळं धूळ खात पडलेलं. आता बिल्डिंग पाडणार, रविवारी घर सोडायचं. आईची, सुलक्षणावहिनींची, नजर गेलेली. त्यांचं एकच मागणं, "एकदा गाडयेचो आवाज ऐकव रे झिला. मगे खुशाल घर पाडूंदेत."

रात्री साडेअकराला मोटर बसली. रूळ घासून झाले. फाटकाचा तुटका दांडा मात्र नुकताच चिकटवून बाजूला ठेवलेला, वाळायला सकाळ उजाडली असती. आई कॉटवर उठून बसल्या होत्या.

"फाटक पाडलंस मा?"

दोन मिनिटांची तर गाडी. सुबोध म्हणाला, "हो गं आई."

त्याने बटण दाबलं. गाडी निघाली. आईंचा चेहरा असा फुलला की सुबोधला भरून आलं. त्यांची बोटं कॉटच्या कडेवर ताल धरू लागली. गाडी बोगद्यात शिरली.

ताल थांबला.

"मगे घंटी कसली वाजता?"

"कुठे?"

"जिन्यात."

चौथा मजला. लिफ्ट नाही. सायकल कोण चढवणार...

ट्रिंग.

आता त्यालाही ऐकू आली. दाराबाहेर.

मग... दाराच्या आत.

गाडी बोगद्यातून बाहेर आली. त्याने बटण बंद केलं. गाडी चालूच. प्लग उपटला. तरी चालूच. त्याने ओला दांडा उचलला, फाटकावर आडवा धरायला गेला...

खट्.

गाडी फाटकातच थांबली.

"लागला काय रे तेका?" आईंनी हळूच विचारलं.

सुबोधच्या हातात तो ओला दांडा तसाच.

काकांनी गच्चीच्या कठड्याला पाठ टेकली.

"रुळावरून घसरली असेल ना काका," सम्यक म्हणाला. आवाज जरा बारीकच.

"नव्हती घसरली. सकाळी सामान बांधायला मीच गेलो होतो. टेबलावरचा सायकलवाला जागच्या जागी. सुबोध रात्रभर आईजवळ बसलेला, दाराची कडीसुद्धा त्याने माझ्यासाठी पहिल्यांदा काढली. आणि लादीवर दारापासून टेबलापर्यंत चाकाची रेघ. ओली. चिखलाची. मार्चमध्ये."

मग श्रुतिकाने कसंबसं विचारलं, "आणि... परत जाणारी?"

"मीही तीच शोधत होतो गं," काका म्हणाले. "एकच होती. येणारी."